सुदामदादाची खिडकी

सुदामदादाच्या घरी आधी खिडक्या बंद व्हायच्या आणि मग फोडणी पडायची. जर्मनीत, श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, उन्हाळ्यात काहिली होत असली तरी हाच नियम. आम्ही घामाघूम, आणि दादा दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबतोय. "केतन, वरच्यांना वास जायला नको रे," तो मला म्हणायचा. वर एक आजोबा राहायचे. ते दिवसभर गॅलरीत चिरूट ओढायचे, पण त्यांच्या वासाबद्दल बोलायची सोय नव्हती.

दादा मूळचा नागपूरचा. इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. कामात वाघ, पण घराचा विषय निघाला की अंग चोरून घ्यायचा. पुण्यात शिकताना तो खोली बघायला गेला होता. मालकाने नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि मग खोली कालच गेल्याचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात तीच खोली दादाच्या वर्गमित्राला मिळाली. दादा हे हसत सांगतो. मला मात्र दरवेळी चीड येते, कारण नावगाव बदलून हा किस्सा माझ्या घरातही आहे. जर्मनीत गजभिये या आडनावावरून कुणाला काही कळत नाही. तरी दादाच्या घरी बाबासाहेबांचा फोटो झोपायच्या खोलीत, दाराआड.

गेल्या वर्षी घरमालकाने स्वतःच्या मुलीसाठी घर रिकामं करायला सांगितलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही, कायदाच तसा आहे. पण दादाची लेक धम्मदीपा हिची एवढ्याशा वयात ही चौथी शाळा झाली असती. ती खोलीत जाऊन बसली. तेव्हापासून दादाला झोप नाही. मला इथून कुणी उठवू शकणार नाही असं घर हवंय, एवढंच तो म्हणायचा.

"मग विकत घे ना," मी म्हणालो. मी फ्लॅट घेतलाय. भिंती बँकेच्या आहेत, पडदे माझे.

पण हर्षावहिनीने वेगळंच शोधून काढलं. जवळच एक गेनोसेनशाफ्ट होती, म्हणजे रहिवाशांचीच सहकारी संस्था. आपण संस्थेचे शेअर घेऊन सभासद व्हायचं. इमारत सगळ्यांची. विकून नफा कमावता येत नाही, पण हयातभर राहायचा हक्क. कुणी मालकच नाही, तर काढणार कोण? मी पहिल्यांदा हसलो. न आपलं, न परक्याचं, असलं कसलं घर? दादा मात्र हसला नाही.

तिथली रीत अशी की नव्या कुटुंबाने एका संध्याकाळी सगळ्यांबरोबर जेवायचं, आपल्या घरचा एक पदार्थ न्यायचा. मग इमारतीतले रहिवासी ठरवणार, आणि एकाचा जरी नकार आला तरी विषय संपला. माझं जर्मन बरं म्हणून दादाने मलाही नेलं.

आणि या गृहस्थाने घरचा पदार्थ म्हणून काय न्यावं? सुपरमार्केटमधलं बटाट्याचं सॅलड, डब्यासकट!

लांब टेबल होतं. समोर फ्राऊ केसलर नावाच्या आजी. त्यांनी विचारलं, तुम्ही आल्याने आमच्या घरात काय बदलेल?

"काहीच नाही," दादा घाईने म्हणाला. "आम्ही आहोत हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही. वास नाही, आवाज नाही, पाहुणे नाहीत." दादाला वाटलं, अजून कमी पडतंय. श्टुटगार्टकडे जिना झाडायची पाळी घराघरांत फिरते. दादा म्हणाला, "आणि झाडलोट आम्ही करू. तुमच्या सगळ्यांच्या पाळीचीसुद्धा. कायमची."

माझ्या हातातला काटा तसाच राहिला.

"पापा, वारूम?" धम्मदीपाने विचारलं. का म्हणून?

वहिनीने चमचा खाली ठेवला आणि तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये, पण ठणठणीत आवाजात म्हणाली, "नाही. आम्ही आमच्याच पाळीला झाडणार. आणि आम्ही सुकट खातो, म्हणजे वाळवलेली कोळंबी. तिचा वास येतो. खूप येतो. खिडकी उघडी ठेवून भाजणार. चालत असेल तर सांगा."

परतताना गाडीत दादा पहिल्यांदाच तिच्यावर चिडला. "अगं, हातातलं घर घालवलंस!"

"अहो, तुम्ही लेकीसमोर दुसऱ्यांचा जिना झाडायला निघालात," वहिनी म्हणाली. "त्यापेक्षा गेलेलं बरं." मागे धम्मदीपा रडत होती, आणि मला दोघांचंही पटत होतं.

आठवडा दादाने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. मग होकार आला. फ्राऊ केसलरनी नंतर मला सांगितलं की सॅलड बघून आणि दादाचं बोलणं ऐकून त्या नकारच देणार होत्या, वहिनी बोलली म्हणून थांबल्या. न दिसणारा शेजारी घेऊन करायचं काय?

परवा दादाच्या नव्या घरी जेवायला गेलो. फोटो बाहेरच्या खोलीत, दारासमोर. वहिनी सुकट भाजत होती, खिडकी सताड उघडी. तेवढ्यात खालून फ्राऊ केसलर ओरडल्या, "हेर गजभिये! भयंकर वास येतोय! माझे कपडे वाळत आहेत!"

दादा ताडकन उठला. हात खिडकीच्या कडीवर गेला. धम्मदीपा त्याच्याकडे बघत होती. वहिनीने तवा हलवणं थांबवलं.

दादाने हात काढून घेतला आणि खिडकीतून बाहेर वाकला. "हो, येतो वास, फ्राऊ केसलर! गुरुवारी रहिवाशांची बैठक आहे, तिथे मांडा विषय!"

"मांडणारच आहे!" खालून उत्तर आलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर!" दादा म्हणाला आणि ताटावर येऊन बसला. भाकरी पुढे करत मी विचारलं, "आता गुरुवारी काय सांगणार?"

"भांडणार," दादा म्हणाला. "घर आहे ना माझं."