कुत्रं चावल्यावरचा अंगारा

भोरहून एका दैनिकाला मी तालुक्याच्या बातम्या पाठवते. त्यात यात्रांच्या बातम्या सोप्या. मागच्या वर्षीची फाईल उघडायची, तिथी बदलायची, नवा फोटो जोडायचा. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एका वाडीत देवीचं ठाणं आहे. तिच्या बातमीत एक वाक्य दरवर्षी असायचं : ‘कुत्रं चावलेल्यांना येथील अंगाऱ्याने गुण येतो, अशी भाविकांची श्रद्धा आहे.’ ते पहिल्यांदा कुणी लिहिलं, मला माहीत नाही. मीही कित्येक वर्षं ते तसंच पाठवलं. शेवटच्या चार शब्दांमुळे आपल्यावर काही येत नाही, असं आम्ही बातमीदार धरून चालतो.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत त्याच भागातली एक बाई रेबीजनं गेल्याचं सरकारी दवाखान्यातून कळलं. मी तिच्या घरी गेले. नवरा ओट्यावर बसला होता. पेपरचं नाव सांगितल्यावर तो उठून आत गेला आणि घडी घातलेलं कात्रण घेऊन आला. माझीच बातमी होती.

“पोटरीला चावलं व्हतं,” तो म्हणाला. “म्या म्हनलं, भोरला जाऊन सुई टोचून घेऊ. ती म्हनली, एसटी कवा येनार? आन् पेपरातबी आलंय की. पाच मंगळवार अंगारा लावला. जखम भरलीबी.”

“मग?”

“मग पानी पिता येईना. तांब्या दिसला की घसा आवळायचा. लेक पानी घेऊन गेली, तर तिच्याच अंगावर धावली.”

“दादा, मी ‘श्रद्धा आहे’ असं लिहिलं होतं. गुण येतोच, असं नव्हतं लिहिलं.”

तोंडातून निघून गेलं. त्यानं ओठ हलवत कात्रण पुन्हा वाचलं.

“व्हय. तसंच लिवलंय.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

मी सगळं लिहून पाठवलं, अंगारा आणि आमचं कात्रण धरून. छापून आल्या चार ओळी. अंगारा गायब. फोन केला, तर डेस्कवरचे म्हणाले, “देवस्थानाचा विषय आहे. भावना दुखावतील.” मी वाद घातला नाही.

चैत्रात यात्रेआधीच्या बातमीतून ते वाक्य मी काढलं आणि कुत्रं चावल्यास लगेच लस घ्यावी, असं घातलं. या वेळी ते छापलं गेलं. सकाळीच यात्रा कमिटीच्या अध्यक्षांचा फोन आला. “ताई, आमची देवी खोटी पाडलीत तुमी.”

तरी मी यात्रेला गेले. दर्शनाच्या रांगेत तो माणूस लेकीबरोबर उभा होता, हातात नारळ. मला राहवलं नाही.

“दादा, तुम्ही इथं?”

“देवीनं कुठं सांगितलं व्हतं, पेपरात घाला म्हनून?” तो शांतपणे म्हणाला.

लेक माझ्याकडे बघत नव्हती. रांग पुढं सरकली. मी फोटो न काढताच खाली उतरले.