साबणाचे तीन मालक

नातीनं साबणाची नवी वडी उघडली आणि त्या वासासरशी मी लहानपणीच्या रत्नागिरी बंदरावर जाऊन पोचले.

मासळी विकणारी माझी आत्या एरवी राखेनं हात घासायची. नवऱ्यानं मुंबईहून आणलेली साबणाची वडी तिनं महिनाभर जपली होती. त्या दिवशी "हा बघ साबण!" असं मला सांगत तिनं ती बंदरावरच काढली.

"साबून! ये तो हमारा लफ्ज!" गलबतावरचा अरब खलाशी हरखून ओरडला.

"आमचो तो, पोर्तुगीज 'सबांव'!" त्याच गलबतावरचा गोव्याचा आचारी उसळला. दोघं हमरीतुमरीवर आले.

"शब्द कुणाचाही असूं दे, वडी माझ्या घोवानं आणलीन्!" असं म्हणत आत्यानं दोघांनाही हात धुवायला बसवलं. एकाच घमेल्यात तिघांचा फेस! भांडण हसण्यात विरघळलं आणि वडी निम्मी झाली.

तो शब्द त्या दोघांच्याही आधीचा, लॅटिनमधला, हे मी फार उशिरा वाचलं. पण मला आठवते ती घर येईपर्यंत स्वतःचेच हात हुंगत चाललेली आत्या.