इंदूआक्काची अंजिरी लिली

इंदूआक्का नम्र नव्हती.

काल संध्याकाळपासून जो तो लिहीत सुटलाय, 'साधी, सोज्वळ, नम्र मूर्ती हरपली.' कृपा करून पुसा ते.

नम्र बाई स्वतःच्या हातानं बोर्ड रंगवून दारावर ठोकत नाही: 'इंदू वॉटरलिली नर्सरी. असली दुसरी नाही.'

खरंच नव्हती. आमच्या भागात तेव्हा गुलाबाच्या नर्सऱ्या होत्या, आंब्याच्या कलमांच्या होत्या. पाण्यातली फुलं कोण विकत घेणार, म्हणून लोक हसायचे. कुणी 'कमळ आहे का?' विचारलं की आक्का दारातूनच परत पाठवायची. "कमळ देवळात बघा. हितं लिली हाय."

खासबागेत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी कॉन्व्हेंट शाळेत शिकले, म्हणून मला ती नावानं कधीच हाक मारायची नाही. "ए कॉन्व्हेंट!" बस्स. मी बँकेत ऑफिसर होऊन रिटायर झाले तरी तेच.

तिच्या सासऱ्यांचा सूत रंगवायचा धंदा होता. सत्तरच्या दशकात तो बसला. अंगणात रंगाचे सिमेंटचे हौद तेवढे उरले. सगळे म्हणाले, बुजवून टाका. आक्कानं त्यात तळ्यातल्या निळ्या लिलीचे गड्डे आणून लावले.

मग कॅम्पातल्या एका बंगल्यातून गुलाबी लिली 'मागून' आणली. मालकीण नको नको म्हणत होती, ते सोडा.

आणि मग तिनं निळ्याचा आणि गुलाबीचा संकर करायला घेतला.

लिली पहिल्या दिवशी उघडते तेव्हा तिच्या मधोमध पाण्यासारखा रस असतो. त्याच दिवशी त्यात दुसऱ्या फुलाचे पराग टाकायचे आणि वर मलमलची पिशवी बांधायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हौदाच्या काठावर बसून बघून बघून तिनं ते शोधलं.

चूक मात्र अगदी रंगाऱ्याच्या सुनेची केली. तिला वाटायचं, फुलांचे रंगही हौदातल्या रंगांसारखे मिसळतात. निळ्यात गुलाबी घातला की जांभळा यायलाच पाहिजे.

आले पांढरट. पुढच्या वर्षी पुन्हा पांढरट. धुण्यात रंग गेलेल्या लुगड्यासारखे.

"रंग ऐकंना झालंत गं," म्हणायची. आणि पुन्हा पिशव्या शिवायला बसायची. अशी कितीतरी वर्षं गेली.

मी बँकेत नवी नवी लागले होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी भिंतीपलीकडून आरोळी आली.

"ए कॉन्व्हेंट! पळत ये! अंजिरी निघालंय!"

मी तशीच धावले, अर्धी वेणी घातलेली. आक्का हौदात कमरेपर्यंत उभी होती आणि तिनं आपल्या लग्नातल्या साडीचा पदर फुलाशेजारी धरला होता. तोच रंग. पिकलेल्या अंजिराच्या सालीचा.

"मामंजींनी ह्याच हौदात काढलावता ह्यो रंग," ती म्हणाली. "हौद इसरला न्हाई बघ."

तिला रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

त्याच साली आम्ही ती लिली इथल्या एका पुष्पप्रदर्शनात नेली. सकाळी टबाभोवती ही गर्दी! दहाजण विचारून गेले. बक्षीस मात्र प्रमुख पाहुणे ठरवणार होते, आणि पाहुण्यांचा पत्ता नव्हता.

माइकवरून सारखं सांगत होते, "साहेब निघालेत. साहेब संकेश्वरपर्यंत आलेत." म्हणजे अजून तासाभराचा रस्ता.

ही लिली दुपार कलली की मिटते. एक एक पाकळी आत वळायला लागली.

आमच्या शाळेच्या चॅपलमध्ये सिस्टर लिलीच्या पाकळ्यांच्या बुडाशी मेणबत्तीचं मेण टाकायच्या. मग फूल मिटत नाही. मी पळत जाऊन मेणबत्ती आणली.

आक्कानं माझा हात धरला.

"माणसाला झोप आली तर डोळ्यात मेण घालशील व्हय गं? मिटू दे तिला. सकाळपास्नं हुबी हाय."

"आक्का, बक्षीस जाईल!"

"जाऊ दे तिकडं."

साहेब चारनंतर आले. टबात डोकावले. "नुसत्या कळ्या कशाला आणल्या?"

आक्का म्हणाली, "फूल टायमात आलतं, सायेब. उशीर तुमी केलासा."

पहिलं बक्षीस डेलियाला मिळालं. आमच्या अंजिरीची कुठं नोंद झाली नाही. आज तीच लिली कुठल्या तरी परदेशी नावानं विकतात. तिचे गड्डे आक्कानंच मागेल त्याला वाटले होते. बघून तळपायाची आग मस्तकात जाते.

काल पहाटे आक्का गेली. डोळे मी मिटले.

सकाळी माझ्या गच्चीवरच्या टबात अंजिरी उघडली होती. तोडली आणि तिच्या हातात ठेवली. ज्या अंगणात तिला ठेवलं होतं तिथंच ते हौद होते. आता फरशी आहे, गाड्या लावायला.

दहाला न्यायचं ठरलं होतं. अकरा वाजले. बारा वाजले.

आक्काचा मुलगा सतीश कानाशी येऊन म्हणाला, "मावशी, जरा थांबूया. साहेब हार घालायला येणारेत. निघालेत. संकेश्वरपर्यंत आलेत."

साहेब दुसरे. रस्ता तोच.

तीन वाजता लिली मिटायला लागली. सतीशच हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही ते मेणाचं सांगायचा ना? फोटोत बरी दिसंल."

मी म्हटलं, "सतीश, तुझी आई सकाळपासून उघड्यावर पडलीय. तुला फोटोची पडलीय? उचल तिला."

तो स्वतःच पुढं झाला.

साहेब आले तेव्हा अंगण रिकामं होतं म्हणे.

आक्का, मेण नाही घातलं गं. मिटलेलीच दिली तुझ्याबरोबर.

आता कुठलेही साहेब यायचे राहिले नाहीत.

नीज.

तुझी,
कॉन्व्हेंट