होबार्टचा हीटर आणि दोन लिटर दूध

माझीच फजिती मी सांगणार, म्हणजे तुम्ही हसणार हे धरूनच चाललोय. हसा. फक्त चहा सांडू नका.

सिंगापूरच्या टॅम्पिनीसमध्ये दहाव्या मजल्यावर राहणारा, जन्मात कधी स्वेटर विकत न घेतलेला माणूस लाकूड जाळून घर तापवणारा हीटर कसा निवडतो? आत्मविश्वासाने! माझ्याकडे तेवढंच होतं. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलं, इथली सक्तीची लष्करी नॅशनल सर्व्हिस उरकली आणि घरी येऊन बसलो. बाबा पंचवीस वर्षं इथल्या मॉल्सचं एअर कंडिशनिंग सांभाळतात. म्हणजे माणसांना जूनमध्ये जॅकेट घालायला लावतात आणि त्याला करिअर म्हणतात. त्यांच्याकडून मी काय शिकणार, सांगा बरं?

तर माझ्या ऋताताईने ऑस्ट्रेलियाच्या पार खालच्या टोकाला, होबार्टला घर घेतलं. तिथे मे महिन्यातच हाडं गोठायला लागतात. घर गरम ठेवायला काय बसवावं, असं तिने विचारलं आणि आमच्या हॉलमध्ये सभा भरली.

"हीट पंप," बाबा म्हणाले. "उलटा चालणारा एसीच तो. विषय संपला."

"बाबा, भिंतीवर पांढरा डबा टांगल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही का? तिच्या घराच्या मागे जंगल आहे. वीज गेली तर तुमचा पंप काय भजन म्हणणार?"

"तुला काय कळतं रे त्यातलं?"

"तुमच्याहून जास्त. तुम्ही आयुष्यभर घरं थंडच केलीत."

आई फिस्सकन हसली. तिथेच बाबांचं डोकं फिरलं.

"ठीक आहे. तूच निवड. हीटर ठीक निघाला तर कॉलेजचा विषय मी या घरात पुन्हा काढणार नाही. फसला, तर प्रवेशाचा फॉर्म मुकाट भरायचा. कबूल?"

"कबूल!"

म्हणजे बघा, तिकडे ताईची थंडी आणि इकडे माझं स्वातंत्र्य, दोन्ही एकाच लोखंडी पेटीवर टांगलेलं.

तीन आठवडे मी अक्षरशः दुसरं काही केलं नाही. लाकडाच्या हीटरमध्ये दोन जाती असतात. एकाचं सगळं अंग तापतं. जवळ बसलात की शेकून निघता. दुसऱ्याला बाहेरून पत्र्याचं आणखी एक आवरण असतं. मधल्या फटीतली हवा गरम होऊन खोलीभर फिरते आणि आवरण नुसतं कोमट राहतं. ताईची मुलगी दोन वर्षांची, दिसेल त्याला हात लावणारी. मी दुसरा निवडला, आणि त्यातलाही सगळ्यात मोठा. 'वरचा भाग कोमट राहतो' या ओळीवर पिवळा रंग फासून माहितीपत्रक फॅमिली ग्रुपवर टाकलं.

खालच्या मजल्यावरचे, आईने हौसेने ग्रुपमध्ये घेतलेले देशमुख काका लगेच वर आले. यांना लिफ्टपेक्षा आगाऊपणा लवकर वर आणतो.

"अरे, एवढा मोठा? घर गरम करायचंय की विटा भाजायच्यात?"

"काका, तुमचं मत लागलं की मेसेज करतो."

हीटर बसला. ताईचा फोन आला, "अरे, कसलं ऊबदार झालंय घर!" मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपरात बघितलं. जिंकलो होतो हो मी! तिथेच तोंड मिटलं असतं तर आज हा किस्सा नसता.

पण वास्तुशांत ठरली. नव्या घरात दूध उतू घालायचं, हा आईचा हट्ट. ताई फोनवर म्हणाली, "इंडक्शनवर ठेवते."

आणि मी, ज्याने कधी उदबत्तीसुद्धा लावली नाही, तो मी मध्ये पडलो. "इंडक्शन म्हणजे काय अग्नी झाला? घरात खरा जाळ आहे तो हीटरचा. दूध त्याच्यावरच उतू गेलं पाहिजे!"

आईचे डोळे भरून आले. दोन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडे कामाचा मुलगा म्हणून बघत होती. "ऐकलंस ना गं? आणि दोन लिटर घे. चांगलं वाहू दे."

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलने आमच्या टीव्हीवर होबार्ट. सोफ्यावर आई, बाबा, आमंत्रण नसलेले देशमुख काका. तिकडे ताई, भावोजी, भाची, आणि कोट घातलेले सहा गोरे शेजारी. मुहूर्त त्यांच्या घड्याळाने बारापर्यंत. सव्वाअकराला पातेलं हीटरवर चढलं. सगळ्यांनी हात जोडले.

साडेअकरा. दूध शांत.

"लाकूड घाला, भावोजी," मी म्हणालो. घातलं.

पावणेबारा. दूध ध्यानस्थ. शेजाऱ्यांनी कोट काढले.

"अजून घाला! मोठा ओंडका घाला!"

बाराला दहा कमी. शेजारी टी-शर्टवर आले. भावोजींचं सोवळं घामाने चिंब. कुणीतरी खिडक्या उघडल्या. ताई निमंत्रणपत्रिकेने वारा घेत होती. इकडे आम्ही पंख्याखाली, तिकडे ते खिडकीत! टॅम्पिनीस आणि होबार्टचं हवामान मी एक करून दाखवलं होतं. पण दूध? ताईने बोट बुडवून बघितलं.

"आई, हे बाटलीत भरून हिला पाजण्याइतकंच गरम आहे गं."

"विरजण लावा," देशमुख काका म्हणाले. "मस्त दही लागेल."

"काका, घरी जा!"

तेवढ्यात बाबांनी खिशातून चष्मा काढला, मोबाइल उघडला आणि फॅमिली ग्रुपवरचं माहितीपत्रक संथपणे वाचलं, "वरचा... भाग... कोमट... राहतो." मग मान वर केली. "ही पिवळी शाई कोणाची रे?"

बाराला तीन मिनिटं! आई ताडकन उठून टीव्हीसमोर गेली. "ऋता, कपभर काढ आणि मायक्रोवेव्हमध्ये घाल!"

"आई, तो अग्नी नाहीये!" मी ओरडलो.

"तू गप्प बस!"

एका मिनिटात दूध भसाभसा उतू गेलं, काचेच्या थाळीत. टाळ्या! आईने टीव्हीलाच नमस्कार केला. माझं ऐकून महिनाभर 'खरा अग्नी, खरा अग्नी' म्हणणारी बाई! मोठ्या माणसांची श्रद्धा वेळेप्रमाणे वायरवरसुद्धा चालते, हे लिहून ठेवा.

मी वाद घातला. खोली गरम झाली की नाही? झाली ना! मग हीटर फसला कसा? बाबा म्हणाले, "हीटर ठीकच आहे. तो काय करतो, हे निवडणाऱ्याला माहीत नव्हतं." फॉर्म भरला.

परवा वेळापत्रक आलं. बाबांनी पहिल्या तासाचा विषय मोठ्याने वाचला: उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी कशी जाते. मग पेपर उघडला. एक गोष्ट त्यांना माहीतच नाही. ज्या विषयात शंभरपैकी अकरा मिळाल्यावर 'ही शिक्षणव्यवस्थाच सडलेली आहे' असं ओरडत मी कॉलेजमधून बाहेर पडलो होतो, तो हाच!