फादरची गाडी

लॅबमध्ये चार वर्षं घासली, पण सांगण्यासारखे किस्से म्हणाल तर चारसुद्धा नाहीत. आणि त्या सिनेमावर अकरा दिवस काय गेलो, घरचे अजून ‘पुरे आता’ म्हणतात. दोन हजार सहाचा उन्हाळा, जर्मनीतलं ब्राउनश्वाइग. वाट चुकलेल्या पोरांना स्वतःच्या घरी ठेवून घेणाऱ्या एका फादरवर सिनेमा निघत होता. फादर हयात होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, शूटिंग बघायला सेटवर यायचे. मी आणि सांगलीचा शिरीष गर्दीत उभे राहायला.

पहिल्याच दिवशी चर्चचा सीन. शिरीषनं सवयीनं बूट दाराबाहेर काढले. ते कॅमेऱ्यात आले, शॉट वाया. डायरेक्टर भडकला. फादर म्हणाले, “ओरडू नका. चाळीस वर्षांत माझ्या चर्चमध्ये इतक्या अदबीनं कुणी आलेलं नाही.”

फादरचं काम करणारा नट फार गोड बोलायचा. फादरनी दोन सीन पाहिले आणि म्हणाले, “तसा माणूस चांगला आहे. पण मी बोलायला लागलो की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.”

सेटवर मार्को नावाचा लाइटवाला होता. तोही त्या पोरांपैकीच एक. सेटवरच्या कपाटाला कुलूप बघून हसत सुटला. “फादरकडे कुलूपच नव्हतं. आम्ही असताना कशाला फुकटचा खर्च?”

पण फादर आले की हा पठ्ठ्या गायब. एकदा जेवताना विचारलंच. सोळाव्या वर्षी त्यानं फादरची गाडी पळवली, झाडावर घातली आणि तिथूनच पसार झाला. अठरा वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. “मी इथे आहे हे त्यांना माहीत नाही. समोर आलो तर काय सांगू?” मला फार वाईट वाटलं त्याचं.

आणि गुरुवारी नेमका तोच सीन. मार्को लाइट धरून शिडीवर, फादर खाली खुर्चीत. पळायला वाव नाही. पोराचं काम करणाऱ्या नटानं गाडी पळवली, ‘कट’ झालं. डायरेक्टरनं फादरना विचारलं, “गाडी अशीच होती ना? रंग बरोबर आहे?”

“गाडीचं राहू द्या हो,” फादर म्हणाले. “सीटवर रक्त होतं. पोराला कुठे लागलं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.”

मार्को शिडीवरून उतरला, फादरसमोर येऊन उभा राहिला आणि पॅन्टचा पाय गुडघ्याच्या वर घेतला.

फादरनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“टाके वाकडे घातलेत,” म्हणाले.