वाकड्या मानेचा मिस्त्री

मला वेलचेरीतल्या एका ग्रॅनाइट बसवणाऱ्या मिस्त्रीने फसवलं. घासाघीस करकरून आणलेला काळाभोर दगड त्याने स्वयंपाकघरात असा बसवला, की ओट्यावर सांडलेलं पाणी सिंककडे यायच्या ऐवजी थेट गॅसच्या शेगडीखाली जातं.

त्याचं नाव मी विचारलं नाही. लक्षात राहिली ती त्याची मान. एक डोळा मिटून दगडाची कड न्याहाळण्यात जन्म गेल्यामुळे ती डावीकडे कललेलीच असायची. जाब विचारायला बोलावलं, तेव्हा ओट्यावर प्रेमाने हात फिरवत तो तमिळमध्ये म्हणाला, "दगड सरळ आहे, सार. तुमचं घर कललंय. माझ्यासारखं बघा."

रागाच्या भरात मीही मान कलती केली. ओटा खरोखरच सरळ दिसला!

बायकोने तांब्याभर पाणी ओतलं. ते शेगडीकडे धावलं. "अहो, पाण्याला मान नसते," ती म्हणाली.

बिल्डर म्हणतो, घर सरळ आहे, मिस्त्रीच वाकडा. तर मग दोघांनी माझ्या ओट्यापुढे उभं राहावं, माना ताठ ठेवाव्यात आणि वाकडं नेमकं काय आहे ते मला सांगावं.