जंगलातली बडबड

आमच्या परळच्या चाळीत शेजारचे काका दोन वाक्यंही धड बोलत नाहीत. रविवारी ते मला बसने आरेच्या जंगलात फिरायला नेतात, तिथे मात्र त्यांची अखंड बडबड चालते. माणसाचा आवाज आला की बिबट्या वाट सोडतो, असं ते म्हणतात. परतीच्या बसमध्ये चढले की पुन्हा गप्प.

परवा पायवाटेवर मी बुटाची नाडी बांधायला खाली बसले आणि काकांचं बोलणं मध्येच थांबलं.

"हळू उभी रव गो. मागे बघू नको."

माझं मनगट धरून, बांगड्याच्या कालवणाबद्दल मोठ्याने बोलत त्यांनी मला रस्त्यापर्यंत आणलं. मागे काय होतं, ते मी विचारलं नाही. बस मिळाली. परळ आलं तरी काकांचा आवाज खाली आला नव्हता.